मुलकोवालची बाटली आणि परळची प्रयोगशाळा

फरीदाबादहून गुरुग्रामकडे जाणाऱ्या रस्त्यावर केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे वैज्ञानिक संकुल उभे आहे. त्यातील ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट या संस्थेत करोनाकाळात लशींच्या तपासणीचे काम झाले. निवृत्तीनंतर मी याच शहरात स्थायिक झालो आहे आणि इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे एक गोष्ट मनातून जात नाही. १९०२ साली हा परिसर हरयाणात नव्हता. हरयाणा नावाचे राज्यच नव्हते. फरीदाबाद तेव्हा पंजाब प्रांताच्या दिल्ली जिल्ह्यात, बल्लभगड तहसिलीत होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पंजाब सरकारने प्लेगविरोधी लस टोचण्याची प्रचंड मोहीम हाती घेतली आणि त्या मोहिमेसाठी लागणाऱ्या लशीच्या बाटल्या मुंबईच्या परळहून रेल्वेने उत्तरेकडे जाऊ लागल्या. त्यांतील एका बाटलीने एकोणीस माणसांचा बळी घेतला आणि ती लस शोधणाऱ्या माणसाचे आयुष्य मोडून टाकले.

त्या माणसाचे नाव वाल्देमार हाफकिन. महाराष्ट्रात हे नाव परळच्या संस्थेमुळे सर्वांच्या तोंडी आहे. पण सर्पदंशावरची लस किंवा पोलिओचे डोस जिथे तयार होतात ती जागा, यापलीकडे त्यामागच्या माणसाविषयी सहसा काही ठाऊक नसते. मला हाफकिन यांच्या चरित्रात रस वाटतो तो वैज्ञानिक कर्तृत्वाइतकाच प्रशासकीय अंगाने. शासनाने एखाद्या तज्ज्ञाला बाहेरून आणावे, त्याच्याकडून अशक्य वाटणारे काम करून घ्यावे, त्याला मानसन्मान द्यावेत आणि पहिला अपघात होताच त्याला एकटे सोडावे, याचे इतके नीट नोंदले गेलेले उदाहरण आपल्या प्रशासनाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले आणि तेथे त्यांना गुरू लाभले ते इल्या मेचनिकोव्ह, ज्यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. झारशाहीविरुद्धच्या क्रांतिकारी चळवळीत हाफकिन ओढले गेले, ज्यू वस्तीच्या बचावासाठी उभे राहिले, जखमी झाले, तुरुंगातही गेले. विद्यापीठात अध्यापकपद हवे असेल तर धर्म बदलावा लागेल, अशी तेथील व्यवस्था होती. हाफकिन यांनी ते नाकारले आणि काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम केले. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि तेथून पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले. तेथे एकच जागा रिकामी होती, ग्रंथालयातल्या साहाय्यकाची. ती त्यांनी स्वीकारली. अलेक्झांडर येर्सिन हे तरुण शास्त्रज्ञ संस्था सोडून पूर्वेकडे गेले तेव्हा हाफकिन यांना प्रयोगशाळेत प्रवेश मिळाला. याच येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधून काढला, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

त्या काळी युरोपला धास्ती होती ती पटकीची. हाफकिन यांनी पटकीचे जंतू गिनीपिगच्या शरीरातून वारंवार पार करून तीव्र केले, दुसरीकडे उष्णता व हवेच्या साहाय्याने ते सौम्य केले आणि दोन टप्प्यांत देण्याची लस बनवली. १८ जुलै १८९२ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. मायदेशी रशियाने त्यांना थारा दिला नाही. मार्ग दाखवला तो पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन यांनी. ते पूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते. पटकी जिथे ठाण मांडून बसली आहे तिथे जाऊन प्रयोग करावा, ही सूचना त्यांची. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कोलकात्यात उतरले.

कोलकात्याचे आरोग्याधिकारी डब्ल्यू. जे. सिम्पसन यांनी त्यांना साथ दिली. कट्टल बागान नावाच्या वस्तीत पटकीचे रुग्ण आढळले तेव्हा तेथील सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे त्या वस्तीत आणखी दहा जणांना पटकी झाली आणि सात दगावले. ते सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. आग्र्यापासून पंजाबापर्यंत हाफकिन फिरले, छावण्यांत गेले, तुरुंगांत गेले, आसामच्या चहामळ्यांतही गेले. १८९५ पर्यंत सुमारे ४२ हजार माणसांनी त्यांच्याकडून टोचून घेतले होते. या साऱ्या फिरतीत त्यांना हिवतापाने गाठले आणि काही काळ युरोपला परतावे लागले. कोणावरही सक्ती करायची नाही, हा नियम त्यांनी प्रारंभापासून पाळला. टोचलेल्या आणि न टोचलेल्या अशा दोन्ही गटांची नोंद ठेवायची, तीही एकाच वस्तीत, एकाच घरात, हा दुसरा नियम. लशीची परिणामकारकता अशा क्षेत्रीय तुलनेने तपासण्याची पद्धत आज जगभर रूढ आहे; तिचे आरंभीचे मोठे प्रयोग आपल्या देशात झाले, याची आठवण धोरणकर्त्यांनाही क्वचितच असते.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान जाहीर केले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हाफकिन यांना कोलकात्याहून मुंबईला पाठवण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधली एक खोली आणि जवळची चिंचोळी पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई, इतक्यावर काम सुरू झाले. मांसाच्या काढ्यात प्लेगचे जंतू वाढवायचे होते. हिंदू व मुसलमान दोघांच्याही भावना सांभाळायच्या म्हणून गोमांस आणि डुकराचे मांस वगळून बकऱ्याचे मांस वापरले. काढ्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांच्या खालच्या बाजूने जंतूंचे लोंगर लोंबू लागतात, हे हाफकिन यांना दिसले. भांडे हलवले की ते लोंगर तळाशी बसत आणि नवे वाढत. पुरेशी वाढ झाली की उष्णता देऊन जंतू मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. आपल्या घरातले तूप एका जागतिक शोधाच्या मुळाशी आहे, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात का नसावी, असे मला नेहमी वाटते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला लस टोचून घेतली, पुढे रूढ झालेल्या मात्रेच्या सुमारे चौपट. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी स्वेच्छेने लस घेतली. न घेतलेल्यांत बारा जणांना लागण होऊन सहा दगावले. घेतलेल्यांत दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले. पुढच्या वर्षी बडोदे संस्थानातील उंधेरा या गावी अधिक कसोशीचा प्रयोग झाला. प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली. टोचलेल्या ७१ जणांत आठ रुग्ण आणि तीन मृत्यू. न टोचलेल्या ६४ जणांत २७ रुग्ण आणि २६ मृत्यू. आजच्या नैतिकता समितीने हा प्रयोग असा होऊ दिला नसता आणि ते योग्यच आहे. पण लस गुणकारी आहे की नाही, हेच तेव्हा सिद्ध व्हायचे होते, हेही विसरता येत नाही.

हा काळ मराठी वाचकाला वेगळ्या कारणांनी परिचित आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. तोच कायदा १२३ वर्षांनी करोनाच्या वेळी पुन्हा बाहेर काढण्यात आला. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला. पुण्यात रँडसाहेबाच्या अमलाखाली गोरे सोजीर घराघरांत शिरत होते. २२ जून १८९७ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच हीरक महोत्सवाच्या सन्मानयादीत हाफकिन यांना सीआयई हा किताब मिळाला. एकाच साथीला एकाच सरकारने दिलेली ही दोन उत्तरे होती. एका उत्तरात झडती, विलगीकरण आणि संगिनी होत्या. दुसऱ्यात टोचून घ्यायला रांगेत उभा राहिलेला माणूस होता. आगाखान यांनी स्वतः सर्वांसमक्ष लस घेतली, आपल्या खोजा अनुयायांना घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी स्वतःची वास्तूही दिली. हुबळीत तर शहराच्या मोठ्या हिश्श्याने लस घेतली. विश्वास मिळाला की लोक पुढे येतात, याचे पुरावे सरकारच्याच दप्तरात जमा होत होते.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते झाले आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. १९०० मध्ये एडिंबरा विद्यापीठाने त्यांना कॅमेरॉन पारितोषिक दिले. त्यांनी ब्रिटिश नागरिकत्वही घेतले होते. बाहेरून पाहता सर्व मनासारखे होते.

पण सेवेत राहिलेल्या माणसाला आतले दिसते. हाफकिन डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. इंडियन मेडिकल सर्व्हिस या लष्करी शिस्तीच्या सेवेतले नव्हते. इंग्रज नव्हते; रशियातून आलेले ज्यू होते, झारच्या पोलिसांच्या नोंदीत नाव असलेले. आणि त्या सेवेतल्या डॉक्टरांना त्यांच्या हाताखाली काम करावे लागत होते. बाहेरून थेट वरच्या जागी आणलेल्या तज्ज्ञांविषयी आज दिल्लीत जी चर्चा चालते, तिचे सगळे सूर परळच्या त्या इमारतीत तेव्हाही ऐकू येत असावेत. केडरची निष्ठा प्रथम केडरशी असते. मी स्वतः त्याच व्यवस्थेत नोकरी केली असल्याने हे निंदा म्हणून लिहीत नाही. तो तिचा स्वभाव आहे आणि म्हणूनच त्यावर नियमांचा लगाम लागतो.

१९०२ मध्ये पंजाब सरकारची मोहीम ठरली तेव्हा परळकडे लाखो मात्रांची मागणी आली. एवढी लस नेहमीच्या पद्धतीने वेळेत तयार होणे शक्य नव्हते. हाफकिन यांनी पद्धतीत बदल केला. कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण करायचे ठरवले. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ही रीत मान्य होती आणि तिने काम वेगाने होई. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. (हा गुजरात जिल्हा आता पाकिस्तानात आहे, आपल्या गुजरातशी त्याचा संबंध नाही.) त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या गेल्या. त्यांपैकी ५३ एन या क्रमांकाच्या बाटलीतून ज्या १९ जणांना लस मिळाली, त्यांना साधारण आठवडाभरात धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली. एकोणीसही दगावले. उरलेल्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्यांपैकी कोणालाही काही झाले नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स अध्यक्ष, सोबत दोन वैद्यकीय अधिकारी. बाटली मुलकोवालमध्ये उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळमध्येच, दूषित झाली असावी, असा निष्कर्ष आयोगाने काढला. कार्बोलिक आम्ल वगळल्याचा ठपका अर्थातच हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते लंडनला निघून गेले.

आता पुराव्याकडे पाहावे. बाटली ४१ दिवस आधी भरलेली होती. धनुर्वाताचे जंतू तेव्हाच आत गेले असते तर एवढ्या दिवसांत त्यांनी भरपूर विष तयार केले असते, लक्षणे फार लवकर दिसली असती आणि बाटली उघडताच दुर्गंधी जाणवली असती. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला तसा वास आला नव्हता. शिवाय बूच काढण्याचा चिमटा त्या दिवशी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि कार्बोलिकच्या द्रावणात जेमतेम बुडवून तसाच वापरला गेला होता, हे साक्षीत आलेले होते. धनुर्वाताचा जंतू मातीत राहतो. तो उकळत्या पाण्यालाही सहजी दाद देत नाही, तिथे द्रावणातली एक बुडी काय करणार?

कोणताही आरोग्याधिकारी आज पहिला प्रश्न विचारील तो असा की सर्व बाधित एकाच बाटलीचे आहेत का आणि इतर बाटल्या घेणारे सुरक्षित आहेत का. उत्तर होकारार्थी असेल तर संशयाची सुई कारखान्यापेक्षा टोचण्याच्या जागेकडे आधी वळते. लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनांची कारणमीमांसा करणाऱ्या आपल्या समित्या याच क्रमाने चालतात. आयोगापुढे ही सारी सामग्री होती. तरीही निष्कर्ष परळच्या दिशेने गेला, त्याचे कारण माझ्या मते कटात शोधू नये. पंजाबात टोचणारे डॉक्टर सेवेतले होते, मोहीम प्रांतिक सरकारची होती, आणि पद्धत बदलणारा माणूस बाहेरचा होता. चौकशीला एक नाव हवे असते. सर्वांत कमी पाठीराखे असलेले नाव बहुधा तिला आधी सापडते. अशा काही चौकश्यांची टिपणे मीही सेवेत असताना वाचली आहेत. त्यांत प्रश्न विचारण्याआधीच उत्तराची जागा मोकळी ठेवलेली दिसे.

अहवाल आणि त्यासोबतची कागदपत्रे जाहीर व्हायला १९०६ चा डिसेंबर उजाडला. मधली चार वर्षे हाफकिन यांना आपल्यावरील आरोपाचा पूर्ण पुरावा हाती न घेता जगावे लागले. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने हे प्रकरण तपासून दिलेले मत अधिक सावध होते: जंतू बाटलीत असण्याची शक्यता मोठी, पण ते कोणत्या टप्प्यावर आणि कसे शिरले हे ठरवता येत नाही. न्यायाच्या कोणत्याही कसोटीवर एवढ्याने कोणी दोषी ठरत नाही. मग कागदपत्रे वाचून रोनाल्ड रॉस पुढे आले. हिवतापाच्या डासाचा शोध लावून नोबेल मिळवलेले रॉस स्वतः इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते, म्हणजे त्यांनी आपल्याच सेवेविरुद्ध भूमिका घेतली. जुलै १९०७ मध्ये रॉस आणि सिम्पसन यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आले. लोक या प्रकरणाला धाकटे ड्रायफस प्रकरण म्हणू लागले. फ्रान्समधल्या त्या ज्यू अधिकाऱ्याची निर्दोष मुक्तता वर्षभरापूर्वीच झाली होती. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. नोव्हेंबर १९०७ मध्ये हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला.

ठपका दूर होणे आणि पद परत मिळणे यांतले अंतर सरकारी नोकराला समजावून सांगावे लागत नाही. परळची जागा भरली गेली होती. हाफकिन यांना कोलकात्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद देण्यात आले. तेथे ना लस बनवण्याची सोय होती, ना माणसांवर लशीच्या नव्या चाचण्या घेण्याची मुभा. सुमारे सात वर्षे त्यांनी तशीच काढली आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपला गेले. ज्या माणसाने अवघ्या तीन महिन्यांत प्लेगची लस उभी केली, त्याच्या हाताला या साऱ्या वर्षांत शासनाने दुसरे महत्त्वाचे काम दिले नाही.

नुकसान एकट्या हाफकिन यांचे झाले असते, तर मी हा लेख चरित्रात्मक टिपण म्हणून सोडून दिला असता. मुलकोवालची बातमी पंजाबच्या गावोगावी पसरली आणि लशीवरचा विश्वास उडाला, मोहीम कोलमडली. प्लेग मात्र थांबला नाही. १९०७ या एकाच वर्षात पंजाब प्रांतात प्लेगने पाच लाखांहून अधिक माणसे मेली. त्यांतली किती लशीने वाचली असती, याचा हिशेब कोणी मांडू शकत नाही. परंतु अपघातानंतर काही आठवड्यांत खरे कारण, म्हणजे एका बाटलीची आणि एका चिमट्याची गोष्ट, सरकारने लोकांना सरळ सांगितली असती तर परळच्या उरलेल्या बाटल्यांवरचा संशय तरी फिटला असता. गुप्त ठेवलेला अहवाल लोकांच्या दृष्टीने कबुलीजबाबच असतो. आपल्याकडे लसीकरणानंतरच्या मृत्यूंचे अहवाल आजही उशिरा आणि तुटक स्वरूपात बाहेर येतात, तेव्हा मला १९०६ चा तो डिसेंबर आठवतो.

१९०६ मध्येच परळच्या प्रयोगशाळेचे नाव बदलून बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी करण्यात आले होते. १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले, संस्थापक हयात असतानाच. आयुष्यातील उत्तम वर्षे त्या कामात गेली, अशा आशयाचे उत्तर हाफकिन यांनी मुंबईला कळवले. तक्रारीचा सूर त्यात नव्हता. उत्तरायुष्यात ते धर्माकडे वळले होते. तरुणपणी जो धर्म सोडायला त्यांनी नकार दिला, त्याच्या शिक्षणसंस्थांसाठी त्यांनी आपली सारी बचत एका निधीत घातली. अविवाहित हाफकिन २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे वारले. स्वतंत्र भारताच्या टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. एप्रिल २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनच्या उत्पादनासाठी केंद्राने परवानगी दिलेल्या सार्वजनिक संस्थांत हाफकिन बायोफार्मा होती. त्या वेळी सरकारी लस कारखान्यांकडे इतकी वर्षे दुर्लक्ष का झाले, असा प्रश्न काही दिवस विचारला गेला आणि मग बातम्यांतून तो मागे पडला.